दहा रुपयांत रोबो

बाजारात नवी थीम आली आहे. रोबोटिक्स आणि फिजिकल एआय. आजवर एआय पडद्याआड बसून निबंध लिहीत होता. आता म्हणे त्याला हातपाय फुटणार, आणि तो कारखान्यात, गोदामात, ऑपरेशन थिएटरात आणि शेवटी तुमच्या मोरीत भांडी घासायला उतरणार. या क्रांतीत म्युच्युअल फंडातून पाचशे रुपयांपासून भागीदारी मिळते. फ्रेंचांना क्रांती फार महागात पडली होती.

रोबो येणार का, यावर वाद नको. आलेत. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या हिशेबाने २०२४ या एका वर्षात जगभरच्या कारखान्यांत सुमारे ५ लाख ४२ हजार औद्योगिक रोबो बसले. त्यातले ५४ टक्के एकट्या चीनमध्ये. भारतात सुमारे ९,१००. रोबो तिकडे बसतात, माहितीपत्रकं इकडे छापली जातात.

प्रश्न रोबोच्या येण्याचा नाहीच. तो आल्यावर पैसे कुणाच्या खात्यात जातात, एवढंच विचारायचं आहे.

फिजिकल एआयचा पुकारा सगळ्यात जोरात कुणी केला? एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग यांनी, २०२५ च्या जानेवारीत, लास व्हेगासच्या मेळाव्यात. चिपा विकणाऱ्याने व्यासपीठावरून जगाला सांगितलं की यापुढे आणखी खूप चिपा लागणार. इतका निःस्वार्थ इशारा आजकाल कोण देतं?

आता अशा फंडाच्या पोटात काय असतं ते बघू. अमेरिकेत हा प्रकार नवा नाही. ‘रोबो ग्लोबल’चा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड, २०१३ पासून आहे, ‘ग्लोबल एक्स’चा ‘बॉट्झ’ २०१६ पासून. परदेशी थीम आपल्याकडे विकायची तर बहुधा अशाच एखाद्या ईटीएफचे युनिट घेऊन, वर आपलं वेष्टन चढवून विकली जाते. वेष्टनाचा खर्च वेगळा.

‘बॉट्झ’च्या यादीत वरच्या नावांत कोण? एनव्हिडिया.

जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात या कंपनीचं उत्पन्न होतं १३०.५ अब्ज डॉलर. त्यात मोटारी आणि रोबो या खात्याचे १.७ अब्ज. शंभर रुपयांतला एक रुपया तीस पैसे. बाकी बहुतेक डेटा सेंटरचं. तुम्ही रोबोवर पैसे लावले असं तुम्हाला वाटतं. एनव्हिडियाच्या हिशेबनिसाला तसं वाटत नाही.

शिवाय ही एनव्हिडिया तुमच्याकडे आधीच असते. नॅस्डॅकच्या फंडात आहे, एस अँड पी ५०० च्या फंडात आहे, मागच्या वर्षी भावोजींच्या आग्रहाखातर घेतलेल्या एआय फंडातही आहे. नवरदेव एकच, मांडव चार, आणि आहेर प्रत्येक मांडवात वेगळा.

सेबी कंपन्यांच्या नावांबाबत मोठी कडक आहे. नोंदणीकृत कंपनीला नवा धंदा सुचवणारं नाव घ्यायचं असेल तर आधीच्या वर्षातलं निदान निम्मं उत्पन्न त्या धंद्यातून यायला हवं, नाहीतर निम्मी मालमत्ता त्यात गुंतलेली हवी. बरोबरच आहे. नावापुढे ‘इन्फोटेक’ चिकटवून भाव चढवण्याचा खेळ शतक उलटताना आपण पाहिलाय. थीमवाल्या फंडालाही नियम आहे: ८० टक्के पैसे थीममध्येच हवेत. पण थीममध्ये काय बसतं हे कोण ठरवतं? फंडाचंच माहितीपत्रक. तर कंपनीला रोबो व्हायला निम्मं उत्पन्न लागतं. फंडाच्या यादीत रोबो व्हायला एक रुपया तीस पैसे पुरतात.

टेराडाइन घ्या. २०१५ साली तिने डेन्मार्कची युनिव्हर्सल रोबॉट्स २८.५ कोटी डॉलरना विकत घेतली. म्हणून ती रोबोंच्या यादीत. मुख्य धंदा? चिपा तपासायची यंत्रं. तिचा शेअर उसळतो तेव्हा फंडाच्या पत्रकात रोबोंचा जयजयकार होतो. चिपांना कुणी विचारत नाही.

एबीबीची गंमत याहून मोठी. रोबोंचा विषय निघाला की जगातली चार मोठी नावं घेतली जातात: फॅनक, यास्कावा, कुका आणि एबीबी. रोबोवाल्या फंडांनी एबीबी वर्षानुवर्षं सांभाळली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एबीबीने जाहीर केलं की आपला रोबो विभाग जपानच्या सॉफ्टबँकेला सुमारे ५.४ अब्ज डॉलरना विकतोय. तेव्हा पुष्कळांना कळलं की एबीबीच्या उत्पन्नात रोबोंचा वाटा सात टक्क्यांच्या आसपास होता.

रोबोची कंपनी रोबो विकून मोकळी व्हायला निघाली. फंडाचं नाव तेच राहिलं.

त्याच महिन्यात सॉफ्टबँकेने आणखी एक गोष्ट केली. आपल्याकडचे एनव्हिडियाचे सगळे शेअर ५.८ अब्ज डॉलरना विकून टाकले. तिचे प्रमुख मासायोशी सोन म्हणतात, आमचं पुढचं क्षितिज फिजिकल एआय. त्यांनी रोबो घ्यायचे ठरवले आणि एनव्हिडिया विकली. तुमचा फंड रोबोंच्या नावाने एनव्हिडिया घेतो. दोघांपैकी एकाला काहीतरी उलटं कळलंय.

सोनसाहेबांनी २०१९ मध्येही एनव्हिडिया विकली होती आणि मग हात चोळले होते, हे फंडाचा वितरक तुम्हाला आवर्जून सांगेल. त्याच सॉफ्टबँकेचा ‘पेपर’ नावाचा गोंडस रोबो २०१४ मध्ये आला आणि २०२० मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, हे मात्र त्याच्या लक्षात नसतं.

बॉस्टन डायनॅमिक्स आठवते? रोबोच्या कोलांट्याउड्यांचे, नाचाचे व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांइतक्याच नेमाने येतात, ते हिचे. २०१३ मध्ये गूगलने घेतली. २०१७ मध्ये सॉफ्टबँकेला विकली. २०२१ मध्ये बहुसंख्य हिस्सा ह्युंदाईकडे गेला. आठ वर्षांत तीन मालक. नाच सगळ्यांना आवडला, पदरी पहिल्या दोघांनी ठेवला नाही.

आता ज्या कंपनीचा घरात चालणारा रोबो खरोखर खपला, तिच्याकडे वळू.

आयरोबॉट. एमआयटीतल्या मंडळींनी १९९० मध्ये काढली. २००२ मध्ये ‘रुम्बा’ आणला: जमिनीवर गोल फिरत केर काढणारी तबकडी. ती व्हिडिओसाठी नाचली नाही, जाहिरातीत तत्त्वज्ञान बोलली नाही. पलंगाखाली जाऊन गुमान धूळ ओढली. चार कोटींहून अधिक यंत्रं खपली. घरोघरी रोबो असेल हे भाकीत करणारे पुष्कळ होते. हिने ते खरं करून दाखवलं.

मग काय झालं? चिनी स्पर्धक आले. तशीच तबकडी, जास्त करामती, कमी किंमत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉनने १.७ अब्ज डॉलरना कंपनी घ्यायचं जाहीर केलं. युरोपातल्या नियामकांनी नाक मुरडलं. २०२४ च्या जानेवारीत सौदा फिसकटला. २०२५ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. घेतली कुणी? तिला यंत्रं बनवून देणाऱ्या चिनी कंत्राटदारानेच, ज्याचं तिच्याकडे मोठं येणं थकलं होतं.

भागधारकांना काय मिळालं? काही नाही.

पुन्हा वाचा. यंत्र चाललं. गिऱ्हाइकाने घेतलं. नाव झालं. बाजारपेठ अफाट वाढली. आणि २०२१ च्या सुरुवातीला शंभर डॉलरच्या वर असलेला शेअर मातीला मिळाला. थीम शंभर टक्के बरोबर होती. गुंतवणूकदाराला हे बक्षीस.

तो अपवाद, असं कुणी म्हणेल. मग फॅनक घ्या. जपानची, पिवळ्या रोबोंची, फुजी पर्वताच्या पायथ्याशी रोबोंकडूनच रोबो बनवून घेणारी. बुडालेली नाही, कर्जबाजारी नाही, शहाण्यांची आवडती. २०१८ च्या जानेवारीत तिच्या शेअरने उच्चांक गाठला. पुढची सात वर्षं तो उच्चांक पुन्हा दिसला नाही. या काळात जगात दरवर्षी बसणाऱ्या रोबोंची संख्या लाखाहून अधिकने वाढली. रोबो वाढले, रोबोवाला वाढला नाही.

कारण साधं आहे. २०१८ मध्येही रोबो येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते भावात आधीच मोजलेलं असतं. तुम्ही भविष्य विकत घेत नाही. भविष्याबद्दलचं लोकांचं आजचं मत विकत घेता, तेही चढ्या दराने.

चीनचं काय? तिथे आता स्वदेशी रोबो परदेशी रोबोंपेक्षा जास्त खपतात. २०२४ मध्ये हे पहिल्यांदा झालं. युनिट्री नावाच्या कंपनीने २०२५ च्या जुलैमध्ये एक मानवाकृती रोबो जाहीर केला, किंमत ५,९०० डॉलर. आधीच्या वर्षी तिचाच एक रोबो १६,००० डॉलरला होता. गिऱ्हाइकाने टाळ्या वाजवाव्यात. भागधारकाने का वाजवाव्यात?

२०२५ च्या एप्रिलमध्ये बीजिंगला माणसांबरोबर रोबोंचीही अर्धमॅरेथॉन झाली. २१ रोबो उभे राहिले, सहा पोचले. पहिल्याला दोन तास चाळीस मिनिटं लागली, वाटेत बॅटऱ्या बदलून. एक तर सुरुवातीच्या रेषेपाशीच आडवा झाला. तरीही त्या क्षेत्राचे भाव धावत राहिले; त्यांना बॅटरी लागत नाही.

शेवटी नोव्हेंबरमध्ये चीनच्या राष्ट्रीय विकास व सुधारणा आयोगानेच सांगितलं की देशात मानवाकृती रोबो बनवणाऱ्या दीडशेहून अधिक कंपन्या झाल्यात, बऱ्याचशा एकसारखंच काहीतरी बनवतायत, फुगा होऊ देऊ नका. ज्यांनी फुग्यात हवा भरली तेच सांगतायत, जपा. आपल्याकडे मात्र अजून गॅसचा सिलिंडर उतरवून घेणं चाललंय.

बरं, हे रोबो करतात काय?

२०२१ मध्ये टेस्लाने आपला मानवाकृती रोबो जाहीर केला तेव्हा व्यासपीठावर नाचला तो रोबोचा पोशाख घातलेला माणूस होता. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये हाच रोबो, ऑप्टिमस, खराखुरा पाहुण्यांत उतरला, त्यांना पेयं देऊ लागला, गप्पा मारू लागला. नंतर कळलं, दुरून माणसं तो चालवत होती. तीन वर्षांत केवढी प्रगती! माणूस पोशाखातून बाहेर आला.

इलॉन मस्क म्हणतात, टेस्लाचं ऐंशी टक्के मोल पुढे याच रोबोत असेल. टेस्लाच्या बाबतीत पुढे या शब्दाला मुदत नसते. स्वतःची स्वतः चालणारी मोटार किती वर्षं पुढच्या वर्षी येत होती, ते आठवून बघा.

वन-एक्स या कंपनीने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘निओ’ नावाचा घरगुती रोबो विक्रीला काढला. २०,००० डॉलर. कपड्यांच्या घड्या घालेल, दार उघडेल. आणि जे जमणार नाही ते? कंपनीचा माणूस डोक्याला यंत्र लावून, तुमच्या घरात रोबोच्या डोळ्यांनी बघत, दुरून करून देईल. इतके पैसे भरून घरात परका माणूस आणायचा. मावशी निदान चपला बाहेर काढून येतात, आणि दिवाळीला बोनस मागतात तो यापेक्षा बराच कमी.

त्या घड्या रोबो शिकतो कुणाकडून? तामिळनाडूतल्या करूरमध्ये तरुण पोरं कपाळावर कॅमेरा बांधून टॉवेलच्या घड्या घालतात, पुन्हा उलगडतात, पुन्हा घालतात. त्यांच्या हातांच्या हालचालींचं चित्रण परदेशी रोबोंना शिकवायला जातं. फिजिकल एआयमध्ये भारताचा वाटा नाही असं कोण म्हणतं? फिजिकल आपलं, एआय त्यांचं.

हान्स मोरावेक या शास्त्रज्ञाने १९८८ मध्येच लिहून ठेवलंय: यंत्राला पटावरच्या खेळात मोठ्या माणसाइतकं हुशार करणं सोपं, पण वर्षाच्या पोराइतकं बघायला, धरायला, चालायला शिकवणं महाकठीण. बुद्धिबळाचा जगज्जेता १९९७ मध्ये हरला. टॉवेलची घडी अजून शिकवणं चाललंय.

मग रोबोंत पैसे कुणालाच मिळाले नाहीत का? मिळाले, आणि भरपूर. इंट्युइटिव्ह सर्जिकलला मिळाले. तिच्या ‘दा विंची’ यंत्राने मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतही शस्त्रक्रिया होतात. पण तिची मेख बघा. यंत्र विकून ती थांबत नाही. प्रत्येक शस्त्रक्रियेला लागणारी हत्यारं, जी ठरावीक वेळा वापरून टाकावीच लागतात, देखभालीचे करार आणि भाड्याने दिलेली यंत्रं, यांतून तिचं ऐंशी टक्क्यांहून अधिक उत्पन्न येतं. आणि यंत्राशी बसलेला असतो हाडामांसाचा सर्जन. सगळ्यात फायदेशीर रोबो तो, ज्याला अजून माणूसच चालवतो आणि बिल रुग्णाचा विमा भरतो.

म्हणून यादीतली एखादी कंपनी सोनं निघेलच. पण तुम्ही ती कंपनी घेत नाही. तिच्याबरोबर तीस-चाळीस इतर घेता, ज्यांतल्या काही आयरोबॉटच्या वाटेवर असतात.

हे झालं तिकडचं. इकडे का निघतात थीमवाले फंड? तंत्रज्ञानात क्रांती झाली म्हणून?

छे. २०१७ मध्ये सेबीने फंडांची वर्गवारी केली. लार्ज कॅप एकच, मिड कॅप एकच, मल्टी कॅप एकच. प्रत्येक फंड कंपनीला प्रत्येक प्रकारात एक योजना. मोठी सूट कुणाला? क्षेत्रीय आणि थीमवाल्या फंडांना. त्यांचे हवे तितके काढा. नवं दुकान टाकायला हीच सगळ्यात रुंद गल्ली मोकळी राहिली, आणि सगळ्यांना अचानक थीमची दृष्टी आली.

उपभोग, उत्पादन, वाहतूक, गृहनिर्माण, नवोन्मेष, संरक्षण. पंचवार्षिक योजनेतही इतकी प्रकरणं नसायची.

दुसरं कारण वितरकाला विचारा. तो सांगणार नाही, म्हणून इथे सांगतो. योजना जसजशी मोठी होते तसतशी खर्चाची टक्केवारी नियमानेच उतरवावी लागते. त्याच टक्केवारीतून त्याचं कमिशन निघतं. म्हणजे तुमच्या पंधरा वर्षांच्या जुन्या, भल्या, मोठ्या फंडावर त्याला कमी मिळतं आणि कालच जन्मलेल्या फंडावर जास्त. तुमच्या जुन्या फंडाचा गुन्हा एकच. तो चांगला चालला.

तिसरं कारण दहा रुपये.

नवा फंड दहा रुपये युनिटने मिळतो, जुन्याचा युनिट चारशेचा. मग स्वस्त कोणता? या प्रश्नावर उच्चशिक्षित, अभियंते, निवृत्त बँक अधिकारी, सगळे एका सुरात चुकतात. दहा हजारांत दहाचे हजार युनिट घ्या नाहीतर चारशेचे पंचवीस. आत शेअर तेच असतील तर वाढ तीच. सगळ्यांना माहीत आहे. तरीही एनएफओच्या, म्हणजे नव्या फंडाच्या पहिल्या विक्रीच्या, शेवटच्या दिवशी अर्ज कोण भरतं?

आकडे बघा. २०२४ च्या जूनमध्ये क्षेत्रीय आणि थीमवाल्या फंडांत एका महिन्यात २२ हजार कोटींहून अधिक आले. पुढे बाजार कलला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये आले अवघे १७० कोटी. नऊ महिन्यांत देशाची थीम संपली? उत्पादन थांबलं, संरक्षण नको झालं, नवोन्मेष आटला?

नाही. भाव उतरले. म्हणजे माल स्वस्त झाला, तेव्हा गिऱ्हाईक निघून गेलं.

संरक्षण निर्देशांकाचंच घ्या. २०२४ च्या जुलैत शिखर. त्याच सुमारास नवे फंड बाजारात. फेब्रुवारी-मार्चपर्यंत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घसरण. मे महिन्यात पुन्हा उसळी. ज्यांनी घाबरून मार्चमध्ये विकलं त्यांनी मे महिन्यात देशभक्तीपर स्टेटस ठेवलं.

१९९९-२००० मध्ये आयटी फंडांची रांग होती. आयटीचं पुढे काय झालं? भारताचं भाग्य उजळलं, हिंजवडी वसली, शेजारचा बंड्या बे एरियात गेला. त्या रांगेत उभे राहून फेब्रुवारी-मार्च २००० मध्ये फंड घेणाऱ्यांचं काय झालं? ते वर्षानुवर्षं भाव दहावर परत यायची वाट बघत बसले. २००७ मध्ये पायाभूत सुविधांची पाळी होती. २००८ च्या जानेवारीत रिलायन्स पॉवरच्या समभागांना सत्तर पटींहून अधिक मागणी आली. फेब्रुवारीत नोंदणीच्या पहिल्याच दिवशी भाव विक्रीच्या किमतीखाली. रस्ते, पूल, मेट्रो पुढे झाले, होतच आहेत. पैसे गेले ते त्या रस्त्यांनी नव्हे.

या विषयावर अभ्यासही झालाय. अर्थतज्ज्ञ बेन-डेव्हिड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विशेष विषयांवरच्या ईटीएफांचा पट मांडला. निष्कर्ष असा की हे फंड विषय गाजून, भाव चढून झाल्यावरच बाजारात येतात, आणि जोखीम जमेस धरली तर पुढची पाच वर्षं दरसाल सुमारे सहा टक्के गमावतात. म्हणजे फंड निघणं हीच विकायची वेळ. पण विकायला आधी माल घेतलेला असावा लागतो.

कॅथी वुड यांचा आर्क इनोव्हेशन फंड आठवतो? रोबो, जनुकं, स्वयंचलित मोटारी, सगळं एकाच टोपलीत. २०२१ च्या फेब्रुवारीत शिखर, २०२२ या एका वर्षात सुमारे ६७ टक्के घसरण. त्याच वर्षी ‘बॉट्झ’ही चाळीस टक्क्यांहून अधिक आपटला. त्या वर्षी रोबोंनी काम थांबवलं नव्हतं. अमेरिकी फेडने फक्त व्याजदर वाढवले होते. भविष्याची किंमत शेवटी व्याजावर ठरते, हे सावकाराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

बरं, परदेशी रोबो घ्यायचेच म्हटलं तरी दार उघडं हवं ना? देशातल्या सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात ७ अब्ज डॉलरपर्यंतच गुंतवता येतात. ही मर्यादा २००८ सालची. २०२२ च्या सुरुवातीला ती भरत आली आणि नवे पैसे घेणं थांबवावं लागलं. परदेशी ईटीएफांसाठी वेगळी १ अब्ज डॉलरची मर्यादा. २०२४ च्या एप्रिलपासून तिथेही कुलूप लागलं. एसआयपीची शिस्त तुम्ही पाळायची. दार कधी उघडं, कधी बंद, ते त्यांनी ठरवायचं.

मग देशातलेच रोबो घ्यावेत? जरूर. फक्त निव्वळ रोबो बनवणाऱ्या चार मोठ्या नोंदणीकृत भारतीय कंपन्यांची नावं सांगा. नोएडाच्या ॲडव्हर्बने नाव काढलंय. तिचे ५४ टक्के २०२२ मध्ये रिलायन्सने घेतले. तो रोबो हवा असेल तर त्याच्याबरोबर तेल, जिओ आणि किराणाही घ्यावा लागतो. उरलेली यादी भरायला मग वाहनांचे सुटे भाग, केबल, सॉफ्टवेअर. ऐंशी टक्के थीम, शंभर टक्के कल्पनाशक्ती.

आणि रोबोंचा फायदा झाला नाही असं थोडंच आहे? चाकणला बजाज ऑटोने २०१० पासून माणसांच्या खांद्याला खांदा लावून चालणारे कोबॉट बसवले, युनिव्हर्सल रोबॉट्सचेच. काम नेमकं झालं, कामगारांची पाठ वाचली. बजाजचे शेअर बाळगून असलेल्या काकांना हा फायदा लाभांशाच्या रूपाने परस्पर पोचला. त्यांनी फिजिकल एआय हा शब्दही ऐकलेला नव्हता. रोबो बनवणारे एकमेकांचे भाव पाडतात, वापरणारे खर्च वाचवतात. आता तुमच्या साध्या निर्देशांक फंडात रोबो वापरणारे किती आहेत, मोजा.

पण निर्देशांक फंडाची बातमी ग्रुपवर टाकता येत नाही. लग्नात कुणी विचारलं, हल्ली कशात गुंतवता, तर निफ्टी असं सांगणारा माणूस पंगतीत एकटा जेवतो. रोबोटिक्स म्हटलं की खुर्च्या जवळ ओढल्या जातात. थीम फंडाचा हा एक परतावा मात्र हमखास मिळतो, आणि तो करमुक्तही आहे.

आता वितरक शेवटचं अस्त्र काढेल. सगळे नको, फक्त पाच टक्के घाला. ठीक. पाच टक्क्यांचे दुप्पट झाले तर एकूण पुंजी पाच टक्क्यांनी वाढेल, निम्मे झाले तर अडीच टक्क्यांनी घटेल. त्यासाठी वेगळा फंड, वेगळा खर्च, वेगळं विवरण, विकताना वेगळा कर, आणि रोज सकाळी जपानचा बाजार बघण्याची नवी सवय.

तरीही घ्यायचाच असेल तर निदान एक काम करा. फंडाच्या पहिल्या दहा कंपन्या बघा, आणि प्रत्येकीपुढे तिच्या उत्पन्नात रोबोंचा वाटा किती, तेवढं लिहा. वार्षिक अहवाल मोफत असतात. वितरकालाच लिहून मागा. पुढचा फोन चार दिवस उशिरा येईल.

आयरोबॉटच्या संस्थापकांपैकी एक रॉडनी ब्रूक्स. आयुष्यभर रोबो बनवले, एमआयटीत शिकवले. रुम्बानंतर त्यांनी रीथिंक रोबॉटिक्स काढली, तिला २०१८ मध्ये टाळं लागलं. या माणसाला रोबोंचा द्वेष आहे असं कुणी म्हणू शकणार नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी मानवाकृती रोबोंवर लांबलचक लेख लिहिला. आजच्या पद्धतीने या रोबोंना माणसाच्या हाताची सफाई येणार नाही, त्यात ओतलेले पैसे वाया जातायत, असं त्यांचं म्हणणं. आणि जाता जाता एक सल्ला: माणसाच्या उंचीचा, दोन पायांवर चालणारा रोबो दिसला तर तीन मीटरच्या आत जाऊ नका, तो अंगावर पडू शकतो.

हा सल्ला बघ्यांसाठी आहे. गुंतवणूकदारांनी किती मीटरवर उभं राहावं, ते त्यांनी लिहिलेलं नाही.